सहा वर्षांची बाकी

खेळाडूनं जास्त पैशासाठी आपलं गाव सोडू नये, असं मी पुष्कळ वर्षं मानत आलो. आता मानत नाही. हा बदल कसा झाला ते सांगायचं तर बेसबॉलपटू अल्बर्ट पूहोल्सचं नाव आधी घ्यावं लागेल. माझं जुनं मत पक्कं झालं ते त्याच्यावरून, आणि सुटलं तेही त्याच्याच हिशेबाची पानं उलटताना.

मी राहतो अमेरिकेतल्या सेंट लुईसला. नोकरीनिमित्त इथं आलेल्या आम्हा मराठी कुटुंबांना बेसबॉल लगेच भिडत नाही. बॅट गोल, मैदान पाचरीसारखं, आणि चेंडू मागे गेला तर धाव नाही! पण या गावात उन्हाळ्याच्या संध्याकाळी रस्त्यानं चालताना गॅरेजागॅरेजांतून केएमओएक्स रेडिओवरचं, गावच्या कार्डिनल्स संघाचं समालोचन ऐकू येतं. दुकानातला माणूस सुटे पैसे परत देता देता काल रात्रीच्या सामन्याबद्दल बोलतो. मग हळूहळू आपणही बोलायला लागतो. माझ्या बाबतीत हे झालं तेव्हा पहिल्या बेसवर पूहोल्स उभा असायचा.

त्याची गोष्ट गावाला लळा लावणारीच होती. जन्म सांतो दोमिंगोचा, पण शाळा आणि कॉलेज इथलंच, मिझुरी राज्यातलं. 1999 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याच्या आधी 401 पोरं निवडली गेली, तेव्हा कुठं तेराव्या फेरीत कार्डिनल्सनं त्याचं नाव पुकारलं. 2001 मध्ये तो मुख्य संघात आला आणि पहिल्याच वर्षी 37 होम रन मारून गेला. त्या वर्षापासूनच्या अकरा वर्षांत 445 होम रन, .328 ची सरासरी, तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, दोन वर्ल्ड सिरीज. स्टेडियमबाहेर स्टॅन म्युझिअलचा पुतळा आहे. म्युझिअलला सारं गाव 'द मॅन' म्हणायचं. लोक पूहोल्सला त्याच चालीवर स्पॅनिशमधून 'एल ओम्ब्रे' म्हणायला लागले, तेव्हा तो मान म्युझिअलचाच आहे, मला तसं म्हणू नका, असं त्यानं स्वतः सांगितलं. असा खेळाडू आपल्याच गावात म्हातारा होणार, पुढेमागे त्याचाही पुतळा उभा राहणार, हे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो.

2011 च्या ऑक्टोबरात तर कळसच झाला. 22 तारखेला टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला वर्ल्ड सिरीजच्या एकाच सामन्यात त्यानं तीन होम रन मारले. 27 तारखेला सहाव्या सामन्यात हरायला एकच स्ट्राइक बाकी, अशी वेळ संघावर दोनदा आली, दोनदा तो हरता हरता वाचला, आणि दुसऱ्या दिवशी विजेता ठरला. आणि 8 डिसेंबरला सकाळी बातमी आली की पूहोल्स कॅलिफोर्नियाला, एंजल्सकडे चालला. दहा वर्षं, 24 कोटी डॉलर.

सीझन संपला की करार पुरा झालेला खेळाडू मोकळा होतो. तेव्हा आधी काही दिवस फक्त जुन्या संघाला त्याच्याशी बोलता यायचं, मग बाजार सगळ्यांना खुला व्हायचा. डिसेंबरात सगळ्या संघांचे व्यवस्थापक एका हॉटेलात जमतात, एजंट येतात, पत्रकार लॉबीत तळ ठोकून बसतात. त्या वर्षी हा मेळावा डॅलसला होता. मायामी मार्लिन्सनं मोठी बोली लावली होती. कार्डिनल्सचा शेवटचा देकार दहा वर्षांना 21 कोटींच्या आसपास असल्याचं तेव्हाच्या बातम्यांत होतं. म्हणजे फरक राहिला तीनेक कोटींचा.

त्या तीन कोटींवर माझा राग होता. 21 कोटींत ज्याचं भागत नाही त्याचं 24 कोटींत कसं भागणार, असं मी ज्याला त्याला विचारायचो. वडिलांनी सगळी नोकरी एसटीत काढली होती. खासगी बसवाल्यांनी जास्त पगारावर बोलावलं तेव्हा 'महामंडळानं आपल्याला उभं केलं' एवढं बोलून त्यांनी विषय संपवला, आणि घरात त्या गोष्टीचा मान होता. ती शिकवण माझ्यात खोल उतरलेली. पूहोल्सला मी त्याच मापानं मोजत होतो. कार्डिनल्सनं त्याला उभं केलं, त्यानं पाठ फिरवली. गावातल्या बहुतेकांचं मत हेच होतं, त्यामुळे ते तपासून बघायची गरज कधी वाटली नाही.

पुढची काही वर्षं तर या मताला खतपाणीच मिळत गेलं. एंजल्सचा करार चढत्या पगाराचा होता. पहिल्या वर्षी 1 कोटी 20 लाख, दुसऱ्या वर्षी 1 कोटी 60 लाख, तिसऱ्या वर्षी एकदम 2 कोटी 30 लाख, आणि तिथून दर वर्षी दहा लाखांची भर पडत शेवटच्या, 2021 च्या वर्षी 3 कोटी. वय चढत गेलं, पगार चढत गेला, खेळ मात्र उतरत गेला. टाचेच्या दुखण्यानं 2013 चा सीझन अर्ध्यावर सुटला. एंजल्सच्या कपड्यांत त्याची एकूण सरासरी .256 राहिली. 500 वा होम रन, 600 वा होम रन, 3000 वा हिट, सगळे मोठे टप्पे त्यानं तिकडेच गाठले, पण त्याच्या तिथल्या सगळ्या काळात संघ पोस्टसीझनला पोचला एकदाच, 2014 मध्ये, आणि तिथंही एकही सामना जिंकला नाही. 2021 च्या मे महिन्यात, 3 कोटींच्या वर्षी, .198 च्या सरासरीवर त्यांनी त्याला काढून टाकलं.

इकडे काय झालं? त्याच्या जागी हलवाहलव करून संघानं कार्लोस बेल्ट्रानला दोन वर्षांसाठी 2 कोटी 60 लाखांत आणलं आणि त्यानं पहिल्याच वर्षी 32 होम रन मारले. कॅचर याडिएर मोलिना दुसरीकडे जाऊ नये म्हणून मार्च 2012 मध्येच त्याच्याशी पाच वर्षांचा साडेसात कोटींचा करार केला. शिवाय तेव्हाच्या नियमानं, असा वरच्या दर्जाचा खेळाडू गेला की नव्या संघाची पहिल्या फेरीची निवड जुन्या संघाला मिळायची आणि वर एक जादा निवडही. पूहोल्सच्या बदल्यात कार्डिनल्सला 2012 च्या ड्राफ्टमध्ये अशा दोन निवडी मिळाल्या. 19 व्या क्रमांकावर पिचर मायकल वाका, 36 व्यावर स्टीव्हन पिस्कॉटी. वाकानं पुढच्याच वर्षी लीगच्या अंतिम मालिकेत डॉजर्सच्या क्लेटन कर्शॉला दोनदा हरवलं, मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ वर्ल्ड सिरीजला पोचला.

बरं झालं गेला, असं गाव म्हणायला लागलं. मीही म्हणायला लागलो. मालक बिल डेविट आणि व्यवस्थापक जॉन मोझेलाक किती दूरदृष्टीचे, हे मी इथल्या गणपतीत नव्यानं आलेल्या मंडळींना रंगवून सांगायचो. म्हणजे माझ्या मनात एका बाजूला लोभी खेळाडू आणि दुसऱ्या बाजूला शहाणा संघ, असं चित्र अगदी पक्कं होतं.

त्यातली संघाची बाजू आधी हलली. डिसेंबर 2015 मध्ये उजव्या फील्डचा जेसन हेवर्ड मोकळा झाला. कार्डिनल्सला तो हवाच होता. त्यांनी भली मोठी बोली लावली, पण तो शिकागो कब्जकडे गेला, आठ वर्षं आणि 18 कोटी 40 लाखांवर. पहिल्याच वर्षी त्याची सरासरी .230 वर आली. हेवर्ड 'हो' म्हणाला असता तर ते ओझं आमच्या डोक्यावर असतं. पुढच्याच हिवाळ्यात डेक्स्टर फाउलरला पाच वर्षांसाठी सव्वाआठ कोटी दिले. 2018 मध्ये त्यानं .180 ची सरासरी काढली, आणि शेवटी त्याच्या पगाराचा मोठा भाग आपणच भरून त्यालाही एंजल्सकडे पाठवावं लागलं. माणसं तीच. तोच मालक, तोच व्यवस्थापक, तेच आकडेमोड करणारं खातं. मग 2011 चा शहाणपणा 2016 मध्ये कुठं गेला?

तो कुठं गेला नव्हता. निकाल बघून आम्ही त्याला शहाणपणा म्हणत होतो, एवढंच. निर्णयाची पारख त्या दिवशी हातात काय होतं यावरून करायची असते, आणि तशी केली तर 2011 चा निर्णय मला आज आधीपेक्षा जास्त पटतो. पूहोल्स तेव्हा बत्तिशीला टेकला होता. त्या सीझनला त्याची सरासरी .299 आणि आरबीआय, म्हणजे त्याच्या फलंदाजीवर संघाला मिळालेल्या धावा, 99 होते. दर वर्षी .300 आणि 100 ओलांडणारा माणूस पहिल्यांदाच दोन्हीकडे एका पावलानं मागे पडला होता. एवढ्यावरून कुणी त्याला संपला म्हणणार नाही, आणि संघही म्हणत नव्हता. पण दहा वर्षांचा करार म्हणजे बेचाळिशीच्या उंबरठ्यापर्यंतची हमी, आणि सेंट लुईस काही न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिस नाही. एंजल्सच्या पाठीशी नव्या टीव्ही कराराचा पैसा उभा होता. इथं एका माणसावर वर्षाला अडीच कोटी अडकवले की मोलिनासाठी काय उरतं, हा प्रश्न खरा होता. डेविट यांनी एक आकडा ठरवला आणि त्याच्या पलीकडे गेले नाहीत. त्यांनी 21 कोटींपर्यंत हात नेला, यातच त्या माणसाबद्दलची किंमत दिसते.

खेळाडूची बाजू हलायला मात्र जास्त वेळ लागला. मी अनेकदा पाहिलेला, पण कधी नीट न वाचलेला एक तक्ता त्याला कारण झाला. पूहोल्सचा वर्षवार पगार. 2001 मध्ये त्याला मिळाले दोन लाख डॉलर. ते लीगचं तेव्हाचं किमान वेतन होतं. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला, एकमतानं. 2002 मध्ये सहा लाख. 2003 मध्ये नऊ लाख, आणि त्या वर्षी .359 ची सरासरी, लीगचा फलंदाजीचा किताब, 43 होम रन. त्या काळात बाजारात त्याच्या निम्मंही न खेळणाऱ्यांना वर्षाला कोटी डॉलर मिळत होते. 2004 मध्ये त्यानं सात वर्षांना दहा कोटींचा करार केला, म्हणजे वर्षाला सरासरी दीड कोटींच्या आतच. 2010 च्या जानेवारीत त्याच संघानं मॅट हॉलिडेला सात वर्षांना 12 कोटी दिले. तीनदा सर्वोत्तम ठरलेल्या माणसापेक्षा शेजारी खेळणाऱ्याची सरासरी जास्त! पूहोल्सनं त्यावर तक्रार केल्याचं मी कधी वाचलं नाही. तो खेळत राहिला.

हा हिशेब मांडून बसलो तेव्हा मला वडिलांचं माप इथं लागू पडत नाही हे कळलं. एसटीत पगार वयाप्रमाणे, नोकरीच्या वर्षांप्रमाणे वाढत जातो आणि शेवटी पेन्शन असते. आज कमी घेतलंस तर उद्या भरून देऊ, असं ते बांधलेलं नातं आहे. बेसबॉलमध्ये उद्याचा शब्द कुणीच देत नाही. मुख्य संघात सहा वर्षं पुरी होईपर्यंत खेळाडूला दुसरीकडे जाता येत नाही, आणि त्यातही सुरुवातीची वर्षं संघ देईल तो पगार घ्यावा लागतो. नेमकी हीच त्याच्या शरीराची सर्वात कसदार वर्षं असतात. सहा वर्षांनी तो बाजारात येतो तेव्हा संघ म्हणतो, आम्ही पैसे पुढच्या खेळाचे देतो, मागच्या नाही. खेळाडू म्हणतो, मागच्याचे दिलेत कधी? दोघंही खरं बोलतात. दर हिवाळ्यात या खेळात जे काही ताणतुटीचं घडतं, ते या दोन खऱ्या बोलण्यांमध्ये घडतं.

ज्या 24 कोटींना मी लोभ म्हणत होतो, त्यात सेंट लुईसनं न फेडलेली बाकी होती. ती फेडली एंजल्सच्या अनाहाइमनं.

आणि ज्या गावात बसून मी खेळाडूच्या निष्ठेच्या गोष्टी करत होतो, ते कर्ट फ्लडचं गाव आहे. फ्लड बारा सीझन इथं सेंटर फील्डला खेळला, क्षेत्ररक्षणाचे सात गोल्ड ग्लव्ह मिळवले, 1964 आणि 1967 ची वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. ऑक्टोबर 1969 मध्ये कार्डिनल्सनं त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्या काळी खेळाडू एका संघाशी एकदा बांधला गेला की करार संपला तरी सुटत नसे. संघ विकेल तिथं जायचं नाहीतर खेळ सोडायचा. फ्लडला वर्षाला 90 हजार डॉलर मिळत होते, त्या दिवसांत ती मोठी रक्कम होती. त्यानं 24 डिसेंबर 1969 ला बेसबॉल कमिशनर बोवी क्यून यांना पत्र लिहिलं की मी काही खरेदीविक्रीची वस्तू नाही, इतर संघांकडून देकार ऐकण्याचा मला हक्क आहे. क्यून यांनी नकार दिला. फ्लड कोर्टात गेला. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध तीन अशा मतांनी तो हरला. मधल्या काळात त्याचं करिअर संपलं होतं. तीन वर्षांनी, 23 डिसेंबर 1975 ला, लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या बाजूनं निकाल दिला आणि दार उघडलं. फ्लडला त्याचा काही उपयोग झाला नाही. हक्क मागितला होता त्यानं, मिळाला पुढच्यांना.

पूहोल्स डॅलसच्या बाजारात मोकळा उभा राहू शकला तो या माणसामुळे. दुसऱ्याचा देकार ऐकायचा, आणि मग आपल्या मनानं ठरवायचं. हा हक्क मिळवायला ज्यानं आपला खेळ पणाला लावला, त्याच्याच गावानं तो वापरणाऱ्याला दगाबाज म्हणावं, हे मला आता पचत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला यातला फरक आयपीएलवरून लगेच कळेल. आयपीएलच्या लिलावात खेळाडू नाव देतो, पायाभूत किंमत सांगतो आणि पुढे संघ बोली लावतात. कुठं जायचं हे हातोडा ठरवतो. चेन्नई की मुंबई, हे त्याला विचारलं जात नाही. बेसबॉलमध्ये शेवटची सही खेळाडूची असते. त्याला कमी पैशात घराजवळ राहता येतं, जास्त पैशात समुद्राकाठी जाता येतं, मुलांची शाळा बघून संघ निवडता येतो. ज्या निर्णयात माणसाला खरोखर निवड आहे, त्याच निर्णयाला निष्ठा किंवा लोभ म्हणता येईल हे मान्य. पण मग तो निवडीचा दिवस उजाडण्याआधीची सहा वर्षंही मोजायला हवीत, त्यात त्याला निवड नव्हती.

जून 2019 मध्ये एंजल्स इथं तीन सामने खेळायला आले. गेल्यापासून पूहोल्स पहिल्यांदाच कार्डिनल्सच्या बुश स्टेडियमवर येत होता. तो फलंदाजीला निघाला तसं सगळं स्टेडियम उभं राहिलं. प्लेटमागे मोलिना होता. तो मास्क काढून पुढे आला आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. टाळ्या थांबेनात. पिचर चेंडू हातात घेऊन वाट पाहत उभा. दुसऱ्या दिवशी पूहोल्सनं आमच्याच संघाविरुद्ध होम रन मारला आणि लोकांनी त्याला डगआउटमधून पुन्हा बाहेर यायला लावून टोपी उंचावायला लावली. माझ्या शेजारी बसलेले आजोबा 2011 मध्ये त्याला काय काय बोलले असतील याची मला कल्पना आहे, कारण तेव्हा सगळेच बोलत होते. त्या दिवशी ते टाळ्या वाजवून दमले आणि म्हणाले, ''अकरा वर्षं दिली की त्यानं आपल्याला.'' मी टाळ्या वाजवताना मनात काही धरून ठेवलं नव्हतं.

2022 च्या मार्चमध्ये तो 25 लाखांच्या एका वर्षाच्या करारावर परत आला. 24 होम रन मारले. 700 वा होम रन 23 सप्टेंबरला डॉजर्सच्या मैदानावर झाला, पण कार्डिनल्सच्या कपड्यांत. 703 वर तो थांबला. यावरून 'शेवटी घरीच आला ना' असं म्हणणारे भेटतात, आणि मला ते बोलणं आवडत नाही. तो परत आला नसता तरी त्याच्या जाण्यात खोट नव्हती.

संघाबद्दलही एक सांगतो. पूहोल्सच्या बदल्यात मिळालेल्या त्या पिस्कॉटीच्या आईला 2017 मध्ये एएलएस हा मज्जासंस्थेचा असाध्य आजार झाल्याचं कळलं. ती कॅलिफोर्नियात, मुलगा इथं. त्या डिसेंबरात कार्डिनल्सनं त्याला ओकलंडला, आईच्या घराजवळच्या संघाला दिलं. खेळाडूंच्या देवघेवीत आईजवळ राहण्याला वजन मिळालं. पुढच्या मे महिन्यात ती गेली. जो संघ 21 कोटींच्या पुढे एक पाऊल टाकत नाही, त्याच संघाला हेही सुचतं. म्हणून मालक म्हणजे फक्त आकडे, असंही मी म्हणत नाही.

2024 च्या सीझननंतर पॉल गोल्डश्मिट गेला. दोन वर्षांपूर्वीचा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, पहिल्या बेसवरचाच. संघ तरुणांकडे वळत होता, त्यांनी त्याला थांबवलं नाही. तो यँकीजकडे एका वर्षासाठी सव्वा कोटी डॉलरवर गेला. मुलीनं मला विचारलं, ''बाबा, तुला वाईट नाही वाटत?'' वाटलं, पुष्कळ वाटलं. पण राग आला नाही, ना त्याचा, ना संघाचा. त्याच्या जागी कोण तरुण पोरगा येणार आणि त्याला किती पगार मिळणार, हे मी बघायला लागलो.

कारण खरा अन्याय डिसेंबरच्या बाजारात होत नाही, तो त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2022 च्या करारात तरुण खेळाडूंसाठी वर्षाला पाच कोटी डॉलरचा बोनस निधी आला, किमान वेतन सात लाखांवर गेलं आणि 2026 साठी ते 7 लाख 80 हजार ठरलं. हे चांगलंच झालं. पण पाच कोटी म्हणजे तीसही संघांतल्या सगळ्या पोरांना मिळून. एकटा गोल्डश्मिट त्याच्या पाच वर्षांच्या करारात 13 कोटी घेत होता. हा करार 1 डिसेंबर 2026 पर्यंतचा आहे. पुढच्या वाटाघाटीत मालक पगारावर वरून मर्यादा मागतील, अशी चर्चा इथं सतत चालते. मला विचाराल तर खेळाडूंनी सहा वर्षांची पाच करून मागावीत, आणि त्यासाठी काही सामने बुडाले तर माझ्यासारख्या तिकीट काढून जाणाऱ्यांनी कुरकुर करू नये. तेविशीत .359 मारणाऱ्याला त्याच वर्षी त्याचं मोल मिळू द्या. बत्तिशीत त्याला ते दुसऱ्या गावात वसूल करायला जावं लागणार नाही.